'कंपनीला विचारा' : नव्या गाडीतील दोष आणि एका जुन्या भिंतीचा इतिहास

१/
गेल्या दसऱ्याला आमच्या काकांनी नवी स्कूटर घेतली. शोरूममध्ये झेंडूचा हार, नारळ, चाकाखाली लिंबू, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली देऊन काढलेले छायाचित्र, सारे सोपस्कार यथासांग झाले. तिसऱ्या आठवड्यात चालत्या गाडीचे इंजिन बंद पडू लागले, आणि तेही नेमके उड्डाणपुलाच्या चढावर. डीलर म्हणाला, "काका, हा कंपनीचा फॉल्ट आहे, कंपनीला विचारा." कंपनीच्या हेल्पलाइनवरून उत्तर आले, "सर, तुमचा व्यवहार डीलरशी झालेला आहे, तिथेच संपर्क साधा." अशा सहा खेपा झाल्या. सातव्या खेपेला काकांनी मला सोबत नेले. "तू एवढं शिकतोयस, बघ तुझं ऐकतात का!"

कोणी ऐकले नाही. मात्र काउंटरवर उभा असताना जाणवले की ही दोन वाक्ये मी आधी कुठेतरी वाचली आहेत. एम. ए.च्या दुसऱ्या सत्रात ग्राहकसंस्कृतीवरील चर्चासत्रासाठी काही जुनी निकालपत्रे चाळली होती, त्यांत ती होती. फरक एवढाच की तिथे बोलणारे नामांकित वकील होते.

हा थ्रेड त्या निकालपत्रांविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचा.

२/
आधी मूळ प्रश्न नीट मांडू. तुम्ही गाडी घेता ती विक्रेत्याकडून. पैसे त्याला देता, सही त्याच्या कागदावर करता. गाडी बनवणारा दुसराच कोणी, शेकडो कोस दूर. गाडीत दोष निघाला तर जबाबदार कोण? विक्रेता म्हणतो, मी बनवली नाही. कारखानदार म्हणतो, मी तुम्हांला विकली नाही. दोघांचेही म्हणणे शब्दशः खरे आहे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

आपल्याकडे गावगाड्यात हा प्रश्न उद्भवतच नसे. बैलगाडीचे चाक निसटले तर चाक करणारा सुतार कुठे राहतो हे पोरासोरांनाही ठाऊक असे. करणारा आणि देणारा एकच. या दोघांत फारकत झाली, मध्ये दुकान आले, आणि त्यानंतर कायद्याने त्या दुकानाच्या जागी एक भिंत उभी केली.

३/
त्या भिंतीची पायाभरणी मोटारीच्या जन्माआधीची आहे. साल १८४२, इंग्लंड. राइट नावाच्या माणसाने टपालखात्याशी करार केला होता : टपालाच्या घोडागाड्या मी पुरवीन आणि दुरुस्त ठेवीन. घोडे आणि सारथी पुरवण्याचा करार दुसऱ्याच माणसाचा. त्याने नेमलेला सारथी विंटरबॉटम. वाटेत गाडी मोडली, विंटरबॉटम बैठकीवरून फेकला गेला आणि जन्माचा लंगडा झाला. त्याने राइटवर दावा लावला.

न्यायालयाने दावा फेटाळला. कारण? राइटने वचन दिले होते ते टपालखात्याला, सारथ्याला नव्हे. ज्याच्याशी करार, त्याच्यापुरतीच जबाबदारी. न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅबिंजर यांना भीती वाटली की हे दार एकदा किलकिले केले तर गाडीतील प्रत्येक उतारू, किंबहुना रस्त्याने जाणारा कोणीही जखमी इसम, दावा ठोकू लागेल आणि त्याला अंत राहणार नाही.

औद्योगिक क्रांतीच्या ऐन भरातील हा निकाल आहे. कारखानदारांना तो किती सोयीचा वाटला असेल, हे निराळे सांगायला नको.

४/
पुढे अमेरिकेने हा नियम उचलला आणि त्याला अपवादही जोडले. १८५२ मधील न्यूयॉर्कचा एक खटला प्रसिद्ध आहे. औषधाच्या बरणीवर निरुपद्रवी वनस्पतीचे नाव आणि आत बेलाडोना, म्हणजे विष. ते घेऊन एक बाई मरता मरता वाचल्या. औषध त्यांनी थेट उत्पादकाकडून घेतले नव्हते, तरी न्यायालयाने त्यालाच जबाबदार धरले. विषाच्या बाबतीत करार कोणाशी झाला हे बघायचे नाही, कारण ती वस्तूच मुळात जीवघेणी.

यातून पुढची साठ वर्षे वकिलांना एक विचित्र उद्योग मिळाला : कोणती वस्तू 'मुळातच जीवघेणी' आणि कोणती नाही, याची यादी करणे. विष, दारूगोळा एका बाजूला. गाडी दुसऱ्या बाजूला.

५/
आता मोटारीकडे येऊ, आणि आधी डीलर नावाच्या संस्थेकडे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मोटारी बनवणाऱ्यांकडे भांडवल तुटपुंजे असे. त्यांनी गावोगावी विक्रेते नेमले ते केवळ ग्राहकापर्यंत पोहोचण्यासाठी नव्हेत. विक्रेता आगाऊ रक्कम भरी आणि गाडी हाती पडताच उरलेले पैसे रोख मोजी. त्या पैशांवर कारखाना चाले. म्हणजे कारखानदाराच्या दृष्टीने गाडी 'विकली' जाई ती विक्रेत्याला, तुम्हांआम्हांला नव्हे. विक्रेता हा कंपनीचा प्रतिनिधी नसून स्वतंत्र व्यापारी आहे, असे करारांतही लिहिलेले असे.

धंद्यासाठी घातलेली ही घडी १८४२ च्या नियमाशी इतकी चपखल जुळली की ग्राहकाला कारखान्यापर्यंत जायला वाटच उरली नाही.

६/
डोनाल्ड मॅकफर्सन हा न्यूयॉर्क राज्यातील गॅलवे या लहानशा गावचा रहिवासी. धंदा थडग्यांवरच्या शिळांचा. १९१० मध्ये त्याने स्केनेक्टडी येथील विक्रेत्याकडून ब्यूक कंपनीची नवी मोटार घेतली. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात गाडी चालवत असताना तिचे एक चाक अचानक बसले. त्या काळी मोटारींची चाके लाकडी असत, आपल्या टांग्याच्या चाकांसारखी, आरे असलेली. या चाकाचे लाकूड सदोष होते आणि आऱ्यांचा अक्षरशः भुगा झाला. मॅकफर्सन बाहेर फेकला गेला आणि जखमी झाला.

वेग किती होता? ताशी आठ मैल, म्हणजे जेमतेम तेरा किलोमीटर. आणि गाडी होती ताशी पन्नास मैल धावण्यासाठी बनवलेली.

७/
ब्यूक कंपनीचा बचाव वाचताना मला शोरूममधला तो काउंटर आठवला. पहिला मुद्दा : आम्ही गाडी या गृहस्थांना विकलीच नाही, विक्रेत्याला विकली. दुसरा मुद्दा : चाक आम्ही बनवलेच नाही, ते फ्लिंट शहरातील इम्पीरियल व्हील कंपनीकडून घेतले. त्या कंपनीने आम्हांला ८०,००० चाके पुरवली आणि याआधी एकाही चाकाचे लाकूड सदोष निघाल्याचे ऐकिवात नाही.

म्हणजे ग्राहक आणि दोष यांच्यामध्ये आता दोन भिंती. पुढे विक्रेता, मागे सुट्या भागांचा पुरवठादार, आणि मधोमध स्वतःचे नाव गाडीच्या तोंडावर ठळक अक्षरांत मिरवणारी कंपनी, जिचे म्हणणे असे की या सगळ्याशी माझा संबंध नाही.

८/
पहिल्या सुनावणीत मॅकफर्सनचा दावा ज्यूरीपुढे न जाताच निकालात निघाला. अपिलात तो जिवंत झाला. दुसऱ्या सुनावणीत ज्यूरीने त्याला ५,०२५ डॉलर भरपाई दिली. कंपनी वर गेली, तिथे हरली, आणखी वर गेली. अखेर १४ मार्च १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने निकाल दिला. चाक मोडल्याला तेव्हा साडेचार वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

निकाल लिहिला न्या. बेंजामिन कार्डोझो यांनी. त्यांचे सर्वांत मार्मिक निरीक्षण विक्रेत्याविषयीचे आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : ही गाडी जगात एकच माणूस वापरणार नाही अशी जवळजवळ खात्री देता येते, आणि तो माणूस म्हणजे विक्रेता. कंपनी म्हणते की आमचे कर्तव्य फक्त त्याच्यापुरते. म्हणजे ज्याला गाडीपासून कधीच इजा होणार नाही, त्याच्या सुरक्षिततेची काळजी घ्यायची. आणि जो बसणार आहे त्याची नाही. कायद्याने असा निष्कर्ष काढावा काय?

९/
'मुळातच जीवघेणी वस्तू' ही यादीही कार्डोझो यांनी मोडीत काढली. वस्तू हयगयीने बनवली असता जिवाला धोका संभवतो, आणि विकत घेणाऱ्याशिवाय इतर लोक ती नव्याने तपासणी न करता वापरणार हे बनवणाऱ्याला ठाऊक आहे, एवढे पुरे. मग करार असो वा नसो, काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य. या मोटारीत तीन माणसांची बैठक होती. एकटा विक्रेता तीन जागांचे काय करणार होता?

आणि चाक? चाक दुसऱ्याने बनवले म्हणून सुटका नाही. तयार गाडी ज्याने बाजारात आणली त्याने तिच्या भागांची साधी, नेहमीची तपासणी करायला हवी होती. ती केली असती तर दोष सापडण्याजोगा होता, आणि ती केली गेली नव्हती.

टपालगाडीच्या जमान्यातील दाखले आजच्या प्रवासाला लागू पडत नाहीत, असेही त्यांनी बजावले. गंमत अशी की मुख्य न्यायाधीश विलर्ड बार्टलेट यांनी विरोधी मत नोंदवले आणि त्यात आधार घेतला तो विंटरबॉटमच्या त्या टपालगाडीचाच.

१०/
या निकालाची कीर्ती अटलांटिकपार गेली. १९३२ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने जिंजर बिअरच्या बाटलीतील गोगलगायीचा सुप्रसिद्ध निवाडा दिला, त्यात लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी कार्डोझो यांचा गौरवाने उल्लेख केला. विधी शाखेतल्या मित्रमैत्रिणींना ती गोगलगाय पाठ असते. तिच्या आधी एक लाकडी चाक होते, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते.

११/
इथे थ्रेड संपायला हरकत नव्हती. भिंत पडली, सत्याचा जय झाला. पण मॅकफर्सनच्या विजयात एक मोठी फट राहून गेली होती. त्याला सिद्ध करावे लागले की कंपनीने हयगय केली. लाकडाचे तुकडे हाताशी होते, म्हणून ते जमले. गाडीचा असा चुराडा झाला की दोष शोधायला काही उरलेच नाही, तर?

शिवाय कंपन्या काही स्वस्थ बसल्या नव्हत्या. पडलेल्या भिंतीच्या जागी त्यांनी दुसरी उभारली. ती विटांची नव्हती, कागदाची होती, आणि तिच्यावरचा मजकूर अतिशय बारीक टाइपात छापलेला होता.

१२/
शनिवार, ७ मे १९५५. न्यू जर्सी राज्यातील क्लॉस हेनिंग्सन आणि त्यांच्या पत्नी हेलन ब्लूमफील्ड मोटर्स या शोरूममध्ये गेले. फोर्ड घ्यावी, शेव्हर्ले घ्यावी की प्लिमथ, असा त्यांचा विचार चालू होता. प्लिमथ पसंत पडली. दुसऱ्या दिवशी मातृदिन होता आणि ही गाडी हेलनबाईंना भेट द्यायची होती. कागदावर सही केली ती एकट्या क्लॉस यांनी. गाडी ताब्यात आली सोमवारी, ९ मे रोजी. भेट एक दिवस उशिराच पोहोचली म्हणायची.

ज्या कागदावर सही झाली तो आपण जरा निरखून पाहू, कारण या कथेतील खरा खलपुरुष तोच आहे.

१३/
एका पानाचा छापील ऑर्डर फॉर्म. वरच्या भागात गाडीचा तपशील, किंमत वगैरे चांगल्या मोठ्या, वाचनीय अक्षरांत. खाली सरकावे तसतशी अक्षरे लहान होत जातात. आणि अगदी निर्णायक असे दोन परिच्छेद पानावरील सर्वांत लहान टाइपात, सहा पॉइंटात. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती आठवा. त्या परिच्छेदांत लिहिले होते की मागील पानावरील अटी मी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत. मागील पानावर साडेआठ इंच लांबीचा बारीक मजकूर. न्यायालयाने नोंदवले आहे की मागचा हा मजकूरही पुढच्या त्या दोन परिच्छेदांइतका बारीक नव्हता! याचा अर्थ, जे वाचले जाऊ नये असे वाटत होते, तेच सर्वांत लहान.

मागे काय होते? वॉरंटी. कंपनीची जबाबदारी गाडी ताब्यात घेतल्यापासून ९० दिवस किंवा ४,००० मैल, यांपैकी जे आधी संपेल तोवर. जबाबदारी कशाची? सदोष भाग ग्राहकाने कारखान्याकडे पाठवावा, वाहतूकखर्च स्वतः भरावा, आणि कंपनीच्या तपासणीत तो खरोखरच सदोष ठरला तर बदलून मिळेल. बस. आणि ही वॉरंटी इतर सर्व हमींच्या ऐवजी, व्यक्त असोत वा अध्याहृत. विक्रेत्याची किंवा कंपनीची अन्य कोणतीही जबाबदारी नाही.

शोरूममध्ये या मजकुराकडे कोणी बोट दाखवले नाही. क्लॉस यांनीही तो वाचला नाही. तुम्ही शेवटचा फॉर्म वाचून सही केव्हा केली होती? मी तर कधीच नाही.

१४/
१९ मे. गाडी घरी येऊन दहा दिवस झाले होते. हेलनबाई अ‍ॅसबरी पार्कला जाऊन परत येत होत्या. हायलँड्स गावाजवळ रस्ता सपाट आणि गुळगुळीत, वेग ताशी वीस-बावीस मैल. अचानक बॉनेटच्या खालून मोठा आवाज आला, काहीतरी तडकल्यासारखा. स्टिअरिंग हातातल्या हातात गरगर फिरले, गाडी झटक्यात उजवीकडे वळली आणि रस्त्यावरची पाटी उडवून विटांच्या भिंतीवर आदळली. समोरून येणाऱ्या बसचा चालक साक्षीदार होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे गाडी सरळ येत होती आणि एकाएकी काटकोनात वळली.

मीटरवर आकडा होता ४६८ मैल. वॉरंटीतील मैलांचा आठवा भागही पुरा झाला नव्हता.

गाडीच्या पुढच्या भागाचा इतका चेंदामेंदा झाला की स्टिअरिंगमध्ये आधीपासून काय बिघडले होते, हे तपासणेच अशक्य झाले. विमा कंपनीचा अनुभवी तपासनीस एवढेच सांगू शकला की स्टिअरिंगपासून पुढच्या चाकांपर्यंत कुठेतरी नक्कीच काहीतरी मोडले असावे.

१५/
आता बचाव ऐका. हयगयीचा आरोप तर पुराव्याअभावी आधीच बाद झाला. मॅकफर्सनकडे लाकडाचा भुगा तरी होता, इथे तेवढेही नाही. मग क्रायस्लर कंपनी म्हणाली : श्रीमती हेनिंग्सन यांच्याशी आमचा करार नाही, त्यांच्या पतीशीही नाही. विक्रेता म्हणाला : सही पतीची आहे, जखमी पत्नी झाली, आमचा तिच्याशी करार नाही. आणि दोघे मिळून म्हणाले : शिवाय मागचे पान वाचा, आमची जबाबदारी भाग बदलून देण्यापुरती.

ज्या बाईंच्या हाडामांसाला इजा झाली त्यांनी मोडलेला स्टिअरिंगचा भाग खोक्यात भरून, भाडे भरून, कारखान्याला पाठवावा, एवढाच काय तो उपाय त्या कागदाने ठेवला होता.

१६/
ज्यूरीने हेनिंग्सन दांपत्याच्या बाजूने, विक्रेता आणि कंपनी या दोघांविरुद्ध कौल दिला. प्रकरण न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. निकालाची तारीख ९ मे १९६०. गाडी ताब्यात आली त्या दिवसाला बरोबर पाच वर्षे.

न्या. जॉन फ्रान्सिस यांचे निकालपत्र दीर्घ आहे, पण वाचनीय आहे. वरवर पाहता सुटसुटीत तर्क असा होता : सज्ञान माणसाने सही केली, वाचले नाही हा त्याचा दोष. न्यायालयाने उलट विचारले : समजा त्याने वाचले असते, तर काय करू शकला असता?

१७/
उत्तर होते, काहीही नाही. ही वॉरंटी एकट्या क्रायस्लरची नव्हती. मोटार उत्पादकांच्या संघटनेने एकच नमुना ठरवून दिला होता आणि सारे सदस्य तोच वापरत. १९५८ मध्ये देशातील प्रवासी मोटारींपैकी ९३.५ टक्के मोटारी जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तीनच कंपन्यांच्या होत्या. अटी आवडल्या नाहीत म्हणून ग्राहक समोरच्या शोरूममध्ये गेला, तर तिथेही टेबलावर तोच कागद. विक्रेत्याला त्यात अक्षर बदलण्याचा अधिकार नाही. घासाघीस होते ती किमतीवर, सीट कव्हरवर. आपल्याकडे फार तर मॅट आणि हेल्मेट फुकट मिळते!

तेव्हा न्यायालयाने ठरवले की दोन पक्षांच्या बळात इतकी तफावत असताना असा कागद 'मुक्त करार' म्हणून चालू देता येणार नाही. नवी गाडी रस्त्यावर चालण्याजोगी असेल ही हमी कायदा स्वतःच देतो, ती बारीक टाइपात पुसून टाकता येत नाही. आणि ही हमी सही करणाऱ्यापुरती नाही. त्याच्या घरची माणसे, त्याच्या संमतीने गाडी वापरणारे, सर्वांना ती लागू. हेलनबाई जिंकल्या.

१८/
एक बाजू राहून जाऊ नये म्हणून सांगतो. या कथांत डीलर नेहमी लबाड दिसतो, पण त्या काळात तो स्वतःही दबलेला होता. कंपनी त्याच्या गळ्यात नको तितक्या गाड्या मारी आणि नाही म्हटले तर एजन्सी काढून घेई. १९५५-५६ मध्ये अमेरिकेच्या सिनेटपुढे विक्रेत्यांनी रडगाणी गायली आणि १९५६ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. त्यामुळे विक्रेत्यांना कंपनीला न्यायालयात खेचता येऊ लागले. म्हणजे ब्लूमफील्डचा तो विक्रेता 'माझ्या हातात काही नाही' असे म्हणाला असता, तर ते बऱ्याच अंशी खरेच होते.

आमच्या डीलरच्या बाबतीतही ते खरे असेल. काकांना मी असे म्हणालो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन करत नाही.

१९/
पुढचा अमेरिकी इतिहास भराभर. १९७५ मध्ये वॉरंटीविषयी केंद्रीय कायदा आला. त्याने वॉरंटी सोप्या, समजेल अशा भाषेत लिहिणे सक्तीचे केले. पण अपघात न करता केवळ सतत बिघडत राहणाऱ्या गाडीचे काय? दुरुस्ती, पुन्हा बिघाड, पुन्हा दुरुस्ती, हे चक्र कुठवर? अशा गाडीला तिकडे 'लेमन', म्हणजे लिंबू, म्हणतात. (आपण लिंबू चाकाखाली ठेवतो, ते नेमके ही गाडी 'लिंबू' निघू नये म्हणून, अशी माझी खासगी समजूत आहे. पुरावा शून्य.) १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने पहिला 'लेमन लॉ' केला. एकच दोष चार प्रयत्नांतही दूर झाला नाही, किंवा गाडी एकूण तीस दिवस गॅरेजात पडून राहिली, तर गाडी बदलून द्या वा पैसे परत करा. दुरुस्तीच्या खेपांना प्रथमच कायद्याने गणती लावली. इतर राज्यांनीही मग तसेच कायदे केले.

२०/
आणि आपल्याकडे?

आपला वस्तुविक्री अधिनियम १९३० सालचा, इंग्रजी कायद्याच्या साच्यातला. त्यात वस्तू कामायोग्य असण्याची गृहीत हमी आहे, कलम १६. पण ती विकणारा आणि घेणारा यांच्यापुरती. आणि कलम ६२ सांगते की ही हमी उभयतांना कराराने वगळता येते. म्हणजे हेनिंग्सन यांच्या फॉर्मची मागची बाजू आपल्याकडे कायद्यानेच शक्य करून ठेवली होती.

त्यातून तो काळ परवाना राजचा. पुण्याच्या आकुर्डीत बनणाऱ्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे रांगेत असत. आजोबा सांगतात, नंबर लागला की पेढे वाटत. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचेही तेच. एवढ्या प्रतीक्षेनंतर हाती आलेल्या गाडीत दोष निघाला तर तक्रार करण्याचे धाडस कोण करणार? मागे उभा असलेला माणूस ती सदोष गाडीही आनंदाने नेईल. अमेरिकेत तीन कंपन्यांच्या एकीने जे साधले, ते इथे टंचाईने साधले.

२१/
अशा वातावरणात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढे बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, ग्राहक संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यातील दोन व्याख्या मुद्दाम पाहाव्यात. 'व्यापारी' या शब्दात उत्पादकाचा समावेश केला. झाले, विक्रेता आणि कारखाना यांच्यातील भिंत एका ओळीत गेली. आणि 'ग्राहक' या शब्दात विकत घेणाऱ्याबरोबरच त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही आला. मातृदिनाची गाडी चालवणाऱ्या हेलनबाई या व्याख्येत सहज बसतात.

मंचाला चार गोष्टींचा अधिकार मिळाला : दोष दूर करवणे, वस्तू बदलून देवविणे, किंमत परत करविणे, भरपाई देवविणे.

२२/
पण कागदी भिंत चिवट असते. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचा.

२००४ : मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या सदोष गाडीचे प्रकरण. न्यायालयाने कडक शब्दांत सुनावले. सदोष गाडी नवीकोरी म्हणून विकू पाहणे लाजिरवाणे आहे, आणि दोष मान्य करायचे सोडून कंपनी व विक्रेत्याने जबाबदारी नाकारत राहावे, हे खेदाचे आहे.

२००६ : मारुतीच्या गाडीतील दोषाचे प्रकरण. इथे न्यायालयाने वॉरंटीच्या अटीकडे बोट दाखवले. कंपनीने सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची जबाबदारी घेतली आहे, तेव्हा सबंध गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही.

हा दुसरा निकाल मला वाचताना खटकला, आणि अजूनही खटकतो. दोन्ही प्रकरणांतील वस्तुस्थिती वेगळी होती, हे मान्य. शिवाय इथे कोणाच्या देहाला इजा झाली नव्हती. तरीही १९६० मध्ये न्यू जर्सीत जो प्रश्न विचारला गेला, की ही अट ठरवताना ग्राहकाला विचारले होते का, तो इथे केंद्रस्थानी आला असता तर बरे झाले असते. त्या निकालाचा आधार घेऊन कंपन्यांचे वकील आजही ग्राहक आयोगांपुढे उभे राहतात.

२३/
२०१९ चा नवा ग्राहक संरक्षण अधिनियम २०२० च्या जुलैमध्ये लागू झाला. त्यात 'उत्पादन दायित्व' हे स्वतंत्र प्रकरण आहे. उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा, तिघांची जबाबदारी वेगवेगळी मांडली आहे. वॉरंटी देताना आपण हयगय केली नाही, हे उत्पादकाने सिद्ध केले तरी वस्तू वॉरंटीप्रमाणे नसेल तर तो सुटत नाही. दोषामुळे इजा वा नुकसान झाले तर यातला मार्ग खुला आहे. आणि 'अनुचित करार' अशी एक व्याख्याही प्रथमच कायद्यात आली, ग्राहकाच्या हक्कांत मोठा फेरफार घडवणाऱ्या एकतर्फी अटींसाठी.

कितव्या दुरुस्तीनंतर गाडी बदलून द्यायची, याची कनेक्टिकटसारखी गणती मात्र आपल्या कायद्यात अद्याप नाही. त्यामुळे प्रत्येकाला आपापल्या खेपा मोजून, त्यांचे कागद जपून, आयोगापुढे मांडाव्या लागतात. म्हणून व्यवहाराचे एवढेच : प्रत्येक वेळी गाडी सर्व्हिसला देताना जॉब कार्डवर तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्या आणि प्रत मागा. 'जनरल चेकअप' असे लिहू देऊ नका. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही.

२४/
काकांकडे सहापैकी चार खेपांची जॉब कार्डे निघाली. त्यांतील तीनांवर 'जनरल चेकअप' लिहिलेले आहे. चौथ्यावर कोणा नवख्या मुलाने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे : 'चढावर इंजिन बंद पडते, ग्राहकाची तक्रार तिसऱ्यांदा.'

त्या कार्डाच्या तीन प्रती काढल्या आहेत. परवा आम्ही डीलर आणि कंपनी या दोघांच्या नावे एकच नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली. काकांनी विचारले, "दोघांना एकच कशाला? वेगवेगळी पाठवू." मी म्हणालो, "एकच असू दे. निदान कागदावर तरी दोघे एकत्र येतील."